समोर माणसं दिसली, ब्रेकही लावला. तरी रेल्वे थांबत का नाही?

२२ जानेवारी २०२५. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे या स्टेशनांच्या दरम्यान लखनऊहून मुंबईकडे येणारी पुष्पक एक्स्प्रेस थांबली होती. डब्यात आग लागल्याची अफवा पसरली होती आणि कोणीतरी साखळी ओढली होती. घाबरलेले प्रवासी भराभर खाली उतरले. त्यातले काहीजण शेजारच्या रुळावर गेले. त्याच वेळी त्या रुळावरून बंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ प्रवाशांचा जीव गेला.

अपघातानंतर सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरत होता. एवढी माणसं रुळावर होती, मग ड्रायव्हरने ब्रेक का मारला नाही?

ब्रेक मारला होता. मध्य रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा दिलेल्या माहितीनुसार, पुष्पकच्या लोको पायलटने नियमाप्रमाणे धोक्याचा फ्लॅशर दिवा सुरू केला होता. तो पाहून कर्नाटक एक्स्प्रेसच्या लोको पायलटने ब्रेकही लावले होते. पण त्या ठिकाणी रुळाला वळण आहे. त्यामुळे समोरचं उशिरा दिसलं आणि गाडी थांबायला जितकं अंतर लागतं, तितकं उरलंच नव्हतं.

हे ‘लागणारं अंतर’ नेमकं किती असतं? कारला, एसटीला, लोकलला आणि एक्स्प्रेसला किती? आणि रेल्वेला इतकं जास्त का लागतं? समजून घेऊया.

आधी साधा हिशेब

ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग एका झटक्यात शून्य होत नाही, तो दर सेकंदाला थोडा थोडा कमी होतो. म्हणून कोणती गाडी किती अंतरात थांबेल हे समजायला एकच गोष्ट पाहायची: एका सेकंदात वेग किती घटतो?

कोरड्या, चांगल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर कारचा वेग दर सेकंदाला ताशी सुमारे २५ किलोमीटरने कमी होतो. म्हणजे १०० च्या वेगाने जाणारी कार साधारण ४ सेकंदांत थांबते. एसटी बस किंवा ट्रकसाठी हा आकडा १८ च्या आसपास धरू.

आता रेल्वे. मुंबईच्या लोकलचा वेग पूर्ण ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला ताशी ३ किलोमीटरच्या आसपास कमी होतो. लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसचा साधारण २ किलोमीटर. म्हणजे १०० च्या वेगाने धावणारी एक्स्प्रेस थांबायला ५० सेकंद लागतात.

या आकड्यांवरून अंतर काढलं तर असं चित्र दिसतं.

ताशी ५० किलोमीटर वेग असताना:
• कार: सुमारे १४ मीटर
• बस/ट्रक: सुमारे १९ मीटर
• लोकल: सुमारे ११५ मीटर
• एक्स्प्रेस: सुमारे १७५ मीटर

ताशी ८० किलोमीटर वेग असताना:
• कार: सुमारे ३५ मीटर
• बस/ट्रक: सुमारे ५० मीटर
• लोकल: सुमारे ३०० मीटर
• एक्स्प्रेस: सुमारे ४४५ मीटर

ताशी १०० किलोमीटर वेग असताना:
• कार: सुमारे ५५ मीटर
• बस/ट्रक: सुमारे ७५ मीटर
• लोकल: सुमारे ४६५ मीटर
• एक्स्प्रेस: सुमारे ७०० मीटर

हा ढोबळ हिशेब आहे. गाडीचा प्रकार, डब्यांची संख्या, उतार-चढ आणि पाऊस यांनुसार तो बदलतो. शिवाय यात ड्रायव्हरचा ‘समोर काहीतरी आहे’ हे लक्षात येऊन ब्रेकपर्यंत हात किंवा पाय जाण्याचा वेळ धरलेला नाही. माणसाला त्यासाठी एक-दीड सेकंद लागतो आणि १०० च्या वेगाने तेवढ्यात कोणतीही गाडी ३० ते ४० मीटर पुढे गेलेली असते.

तरीही फरक स्पष्ट आहे. त्याच वेगाने धावणाऱ्या कारपेक्षा एक्स्प्रेसला थांबायला बारा-तेरापट जागा लागते. ८० च्या वेगाने येणारी १२ डब्यांची लोकल थांबेपर्यंत स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त अंतर कापते. म्हणजे ब्रेक लावला तेव्हा मोटरमन जिथे होता, ती जागा गाडी थांबेपर्यंत शेवटच्या डब्याच्याही मागे गेलेली असते.

कारण काय? गाडी जड असते म्हणून?

बहुतेकांना हेच वाटतं. हे उत्तर पूर्ण चूक नाही, पण ते अर्धंच आहे.

कोणतीही गाडी थांबते ती चाक आणि जमीन यांच्या पकडीमुळे. ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला थांबवते ती चाकाची खालच्या पृष्ठभागावरची पकड. चाक जागच्या जागी थांबलं आणि खाली पकडच नसेल, तर गाडी घसरत पुढे जाते. पावसात स्कूटर घसरते तेव्हा नेमकं हेच होतं.

वजन वाढलं की गाडी थांबवायला जास्त जोर लागतो, हे खरं. पण वजन वाढलं की चाक खाली जास्त दाबलं जातं आणि पकडही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे निव्वळ वजन हे कारण असतं, तर कार आणि रेल्वे यांच्यात बारापट फरक पडला नसता. खरा फरक चाक कशाचं आहे आणि ते कशावर चालतं, यात आहे.

कारचं रबरी टायर खडबडीत डांबरी रस्त्यावर थोडं दबतं, रस्त्याच्या बारीक खाचांत रुततं आणि घट्ट धरतं. रेल्वेत पोलादाचं गुळगुळीत चाक पोलादाच्याच गुळगुळीत रुळावर असतं. दोघांपैकी कोणीच दबत नाही. दोन्ही एकमेकांना टेकतात ती जागा एखाद्या नाण्याएवढी असते. त्यामुळे पोलादावर पोलादाची पकड कोरड्या हवेतही रबराच्या पकडीच्या पाव ते निम्मीच भरते. पहिल्या पावसाची भुरभुर, दव, तेल किंवा रुळावर चिरडलेली पानं असतील तर ती आणखी कमी होते.

मग रेल्वेला रबरी चाकं का लावत नाहीत? कारण पोलादाचं हे न दबणं हेच रेल्वेच्या किफायतशीरपणाचं कारण आहे. पोलादी चाक रुळावर जवळजवळ अडथळ्याशिवाय फिरतं. म्हणूनच एक इंजिन हजार टनांहून अधिक वजनाची प्रवासी गाडी, आणि मालगाडी असेल तर काही हजार टन, ओढून नेऊ शकतं. रस्त्यावर तेवढाच माल न्यायला शेकडो ट्रक आणि कितीतरी जास्त इंधन लागेल. ज्या गुणामुळे रेल्वे स्वस्तात धावते, त्याच गुणामुळे ती लवकर थांबत नाही.

वजनाचा मुद्दा कुठे येतो?

तो येतो उष्णतेत. धावत्या गाडीत साठलेली ऊर्जा ब्रेक लावल्यावर कुठेतरी जावी लागते. ती बहुतांशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते.

समजा, इंजिन आणि प्रवाशांसह ११०० टनांची एक्स्प्रेस ताशी ११० किलोमीटर वेगाने धावते आहे. तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे १४० युनिट विजेएवढी असते. साध्या मध्यमवर्गीय घरात महिनाभरात साधारण तेवढी वीज लागते. ती सगळी एका मिनिटाच्या आत जिरवायची असते. त्याच वेगाने धावणाऱ्या लहान कारमध्ये ही ऊर्जा युनिटच्या पाचव्या भागाहूनही कमी असते.

ब्रेक सगळ्या डब्यांना एकदम लागतो का?

नाही. भारतीय रेल्वेच्या बहुतेक गाड्यांमध्ये हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाइप जातो आणि त्यात दाबलेली हवा भरलेली असते. ही हवा भरलेली असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. लोको पायलटने हवा सोडली की दाब कमी होतो आणि ब्रेक लागतात. यात सुरक्षेचा विचार आहे: डबे तुटून वेगळे झाले किंवा पाइप फुटला, तर हवा आपोआप निघून जाते आणि गाडी स्वतःहून थांबते. प्रवाशाने साखळी ओढली तरी याच पाइपमधली हवा सुटते.

पण दाब कमी झाल्याचा परिणाम पुढून मागे पोहोचायला थोडा वेळ लागतो. वीस-बावीस डब्यांच्या गाडीत काही सेकंद, लांब मालगाडीत आणखी जास्त. ११० च्या वेगाने एक्स्प्रेस दर सेकंदाला ३० मीटर पुढे जाते. तीन सेकंद गेले की ९० मीटर गेले.

मग आणखी जोरदार ब्रेक बसवता येत नाहीत का?

काही प्रमाणात येतात, आणि बसवलेही जातात. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकावर घासतात. नव्या एलएचबी डब्यांत डिस्क ब्रेक असतात. चाक जाम होऊन घसरू नये म्हणून कारमधल्या एबीएससारखी यंत्रणाही त्यांत असते. चाक आणि रुळात पकड यावी म्हणून इंजिनाच्या चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असते. जर्मनीच्या काही आयसीई गाड्यांमध्ये रुळाला न टेकता चुंबकीय परिणामाने वेग कमी करणारे ब्रेकही आहेत.

तरीही दोन मर्यादा राहतात. पहिली पकडीची: तिच्यापलीकडे जोर लावला तर चाक जाम होतं, घसरतं आणि एका बाजूने झिजून चपटं होतं. दुसरी मर्यादा माणसांची आहे. रेल्वेत सीटबेल्ट नसतो. लोक उभे असतात, दारात असतात, वरच्या बर्थवर झोपलेले असतात, डोक्यावर बॅगा असतात. कारसारखा दर सेकंदाला २५ ने वेग कमी झाला, तर डब्यातली माणसं एकमेकांवर आदळतील.

आणि समजा, ब्रेकची ताकद दुप्पट केली, तरी ११० च्या वेगाने धावणाऱ्या एक्स्प्रेसला थांबायला ४०० मीटरहून जास्त अंतर लागेलच. समोर ५० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही.

ड्रायव्हर तर लांबून बघतोच ना?

कार चालवणारा डोळ्यांनी पाहून गाडी चालवतो. समोर काही आलं तर तो ब्रेक मारतो, किंवा स्टिअरिंग वळवून बाजूने निघतो. लोको पायलटकडे स्टिअरिंगच नसतं. त्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, हॉर्न आणि ब्रेक.

शिवाय गाडी थांबायला पाऊण-एक किलोमीटर लागत असेल, तर तेवढ्या लांबवरचा माणूस दिसणार कसा? रात्री हेडलाइटच्या उजेडात काहीशे मीटरपर्यंतचंच नीट दिसतं. वळण, धुकं, पाऊस असेल तर तेवढंही नाही. म्हणून रेल्वे नजरेवर चालवली जात नाही, सिग्नलवर चालवली जाते. थांबायच्या सिग्नलच्या सुमारे १ किलोमीटर आधी ‘डिस्टंट’ सिग्नल असतो. तो पुढच्या सिग्नलची आगाऊ खबर देतो. जास्त वेगाच्या मार्गांवर त्याच्याही आधी, म्हणजे सुमारे २ किलोमीटरवर, आणखी एक असतो. हिरवा सिग्नल म्हणजे रेल्वेने लोको पायलटला दिलेलं आश्वासन असतं की पुढचा मार्ग मोकळा आहे. त्या आश्वासनात पुढे दुसरी गाडी नाही हे तपासलेलं असतं, पण रुळावर माणूस नाही हे तपासलेलं नसतं.

रेल्वेचे जुने नियमही हेच सांगतात. रुळावर अडथळा आला तर ब्रॉडगेज मार्गावर रेल्वे कर्मचाऱ्याने येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत जायचं, ६०० मीटरवर रुळावर एक डिटोनेटर ठेवायचा आणि १२०० मीटरवर तीन. चाकाखाली येऊन ते फुटले की आवाजाने लोको पायलट सावध होतो. नियम १२०० मीटर म्हणतो, कारण त्याहून कमी अंतरावर दिलेली सूचना उशिराची ठरू शकते, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं.

थोडं आधी ब्रेक लावला असता तर?

समजा ११० च्या वेगाने एक्स्प्रेस येते आहे. लोको पायलटला ३०० मीटरवर रुळावर माणसं दिसली. त्याने त्याच क्षणी पूर्ण ब्रेक लावला आणि तो लगेच सगळ्या डब्यांना लागला, असंही धरू. तरी ३०० मीटर संपतात तेव्हा गाडीचा वेग किती असेल? ताशी सुमारे ८८ किलोमीटर. आणि एवढं अंतर ११ सेकंदांत संपतं.

हे कागदावरचं गणित अमृतसरमध्ये प्रत्यक्ष दिसलं. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी दसऱ्याचं रावणदहन पाहायला रुळावर उभ्या असलेल्या गर्दीवर गाडी गेली आणि सुमारे ६० जणांचा मृत्यू झाला. रेल्वे बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष अश्वनी लोहानी यांनी सांगितलं होतं की ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग ९१ वरून ६८ वर आला होता. म्हणजे २३ ने कमी झाला. दर सेकंदाला २ ते ३ या हिशेबाने त्याला ८ ते ११ सेकंद लागतात. गाडी पूर्ण थांबायला ३० ते ४५ सेकंद लागले असते. तेवढा वेळ त्या रात्री कोणाकडेच नव्हता.

महाराष्ट्रानेही हे पाहिलं आहे. ८ मे २०२०, लॉकडाऊनचे दिवस. जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले मध्य प्रदेशचे मजूर थकून करमाडजवळ रुळावरच झोपले होते. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. पण मालगाड्या सुरू होत्या. पहाटे मालगाडी आली आणि १६ जणांचा जीव गेला. लोको पायलटने माणसं पाहून गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला होता, असं रेल्वे मंत्रालयाने त्याच दिवशी सांगितलं होतं.

आपल्यालाच गाडी लांब का वाटते?

रूळ ओलांडणारा प्रत्येकजण बेफिकीर असतो असं नाही. अनेकजण दोन्हीकडे बघतात, गाडी दिसते, आणि तरीही ‘अजून लांब आहे’ असं वाटून निघतात. यात डोळ्यांचीही फसगत आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांविषयी लिहिताना एक मुद्दा मांडला होता. मोठी वस्तू आपल्याकडे येताना तिचा वेग आपल्याला असतो त्यापेक्षा कमी वाटतो. आकाशातलं मोठं विमान जसं तरंगत असल्यासारखं दिसतं, तसंच काहीसं. त्यात रेल्वे सरळ समोरून येत असेल तर ती बाजूला सरकताना दिसत नाही, फक्त मोठी होत जाते. हे मोठं होणं आधी अगदी हळू असतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम वाढतं. त्यात कानात इअरफोन असेल, किंवा शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी जात असेल, तर आवाजही मदतीला येत नाही.

मग फाटक इतकं आधी का बंद करतात?

‘गाडीचा पत्ता नाही आणि फाटक दहा मिनिटं बंद’ ही तक्रार प्रत्येक गावात असते. तिचं उत्तरही याच अंतरात आहे.

इंटरलॉक केलेल्या फाटकांवर फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल देताच येत नाही. आणि तो सिग्नल गाडी डिस्टंट सिग्नलपाशी पोहोचण्याआधी मिळायला हवा, नाहीतर लोको पायलटला वेग कमी करावा लागतो. म्हणजे गाडी किमान २ किलोमीटर लांब असतानाच फाटक बंद झालेलं असावं लागतं. त्यात सावधगिरीचा वेळ मिळवा आणि समोरून दुसरी गाडी येणार असेल तर तिचाही.

फाटकाच्या आधी रुळालगत ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी तुम्ही पाहिली असेल. ‘सीटी, फाटक’ असा तिचा अर्थ. ती फाटकापासून ६०० मीटरपर्यंतच्या अंतरावर असते. तिथून लोको पायलट हॉर्न वाजवत येतो. ११० च्या वेगाने ६०० मीटर जायला २० सेकंद लागतात. त्या पाटीपाशी त्याला फाटकात अडकलेला ट्रॅक्टर दिसला तरी गाडी फाटकाआधी थांबेलच याची खात्री नाही, कारण तिला ८०० मीटरहून जास्त जागा हवी असते.

वेग वाढतोय, मग अंतरही वाढणार?

हो, आणि वेगापेक्षा जास्त पटीने. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. ११० वरून वेग १३० केला, तर वेग १८ टक्क्यांनी वाढतो, पण थांबायचं अंतर सुमारे ४० टक्क्यांनी. आपल्या हिशेबात ८४० मीटरचं ते जवळपास १२०० मीटर होतं. १६० च्या वेगाला ते पावणेदोन किलोमीटरच्या पुढे जातं.

हा पुस्तकी मुद्दा नाही. मुंबई-अहमदाबादसह अनेक मार्गांवर कमाल वेग १३० झाला आहे आणि दिल्ली-मुंबई मार्ग १६० साठी तयार करण्याचं काम सुरू आहे. ज्या गावात वर्षानुवर्षं लोक अंदाजाने रूळ ओलांडत आले, तिथे तो अंदाज आता चुकणार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू झाल्यावर काही दिवसांतच तिला गुरांची धडक बसली होती. त्यानंतर या मार्गालगत कुंपण घालण्याचं काम हाती घेण्यात आलं.

जपानने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथल्या साध्या रेल्वे मार्गांवर फाटकं आहेत, म्हणून आपत्कालीन ब्रेक लावल्यावर गाडी ६०० मीटरच्या आत थांबली पाहिजे असा दंडक दीर्घकाळ होता. त्यामुळे त्या मार्गांवरचा कमाल वेग बहुतेक ठिकाणी १३० पर्यंतच राहिला. शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनचा वेग त्याहून कितीतरी जास्त आहे, पण तिच्या खास मार्गांवर एकही फाटक नाही. तिथे गाडी वेळेत थांबणार नाही हे आधीच मान्य करून रूळ माणसांपासून पूर्ण वेगळा केला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग मुख्यतः उंच खांबांवरून नेला जातोय, त्याचं एक कारण हेही आहे.

‘कवच’ आलं की प्रश्न सुटेल का?

‘कवच’ ही भारतात विकसित केलेली स्वयंचलित सुरक्षा यंत्रणा आहे. लोको पायलटने लाल सिग्नल ओलांडला, वेग मर्यादेपेक्षा जास्त ठेवला किंवा दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या, तर ती आपोआप ब्रेक लावते. गाडीला गाडीपासून वाचवायला ती महत्त्वाची आहे. पण तिला सिग्नल आणि इतर गाड्या कळतात, रुळावर उभा असलेला माणूस कळत नाही. आणि कळला असता, तरी पोलादाची पकड तेवढीच राहिली असती.

दोष कोणाचा?

कायद्याने उत्तर सोपं आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळावर विनापरवानगी जाणं गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण एवढ्यावर विषय संपत नाही.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५ हजार लोक मरतात आणि त्यातले सुमारे ६ हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर, असं त्यात म्हटलं होतं. कोणताही सुसंस्कृत समाज हे मान्य करू शकत नाही, इतक्या कठोर शब्दांत समितीने त्याचा उल्लेख केला होता. लोक रुळावर येतात कारण पूल नसतो, लांब असतो किंवा अरुंद असतो, म्हणून पादचारी पूल आणि कुंपणं वाढवण्यावर तिने भर दिला होता. तेव्हापासून बरंच काम झालं. ब्रॉडगेजवरची सगळी मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली. तरी मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत दोन हजारांहून जास्त मृत्यू झाले. त्यात गाडीतून पडून गेलेलेही आहेत, पण रूळ ओलांडताना गेलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

ज्या वस्तीच्या एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला शाळा, बाजार, रिक्षास्टँड आहे, तिथे माणसं रूळ ओलांडणारच. तिथे दंडाची पाटी लावून भागत नाही, पूल लागतो. आणि दरवेळी लोको पायलटकडे बोट दाखवलं, की पूल का नव्हता हा प्रश्न बाजूला पडतो.

आपण काय लक्षात ठेवायचं?

• गाडी मध्येच थांबली आणि उतरावंच लागलं, तर शेजारी दुसरा रूळ असलेल्या बाजूने उतरू नका. दुसऱ्या बाजूने उतरा आणि रुळापासून लांब जा. पाचोऱ्याजवळ जीव गेले ते शेजारच्या रुळावर.

• फाटकात गाडी बंद पडली तर आधी सगळ्यांना खाली उतरवा आणि रुळापासून दूर न्या. मग लगेच गेटमनला सांगा. पुढून येणारी गाडी रोखण्याची साधनं त्याच्याकडे असतात. गाडी ढकलत बसण्यात जाणारा प्रत्येक सेकंद म्हणजे रेल्वेचे ३० मीटर. रेल्वेचा हेल्पलाइन नंबर १३९ आहे.

• एक गाडी गेली की लगेच रुळावर पाऊल टाकू नका. तिच्याआड दुसऱ्या रुळावरची गाडी दिसत नाही.

• साखळी खऱ्या संकटासाठी आहे. कारण नसताना ती ओढणं हा गुन्हा आहे, आणि त्यामुळे थांबलेल्या गाडीतले लोक खाली उतरले तर काय होऊ शकतं, हे जळगाव जिल्ह्याने पाहिलं आहे.

रस्त्यावर आपल्याला एक सवय लागलेली असते. हात दाखवला की समोरची गाडी थांबते, निदान वेग तरी कमी करते. रुळावर ती सवय चालत नाही. तिथे लोको पायलटला तुम्ही दिसलात, त्याने हॉर्न वाजवला, पूर्ण ब्रेक लावला, म्हणजे त्याला करता येण्यासारखं सगळं केलं, तरी गाडी तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. थांबायला तिला किलोमीटरभर लागतो. तुम्हाला एक पाऊल.